तात्पुरता लाल, कायमचा लाल

जानेवारी १९९० संपता संपता अमेरिकेचे आरोग्यमंत्री लुईस सलिव्हन यांनी एक निर्णय जाहीर केला. ‘रेड नंबर ३’ नावाचा रंग यापुढे लिपस्टिकमध्ये, गालांच्या लालीत आणि अंगाला लावायच्या औषधांत वापरता येणार नाही. प्रयोगशाळेतल्या नर उंदरांना हा रंग दीर्घकाळ खाऊ घातल्यावर त्यांच्या थायरॉइड ग्रंथीत गाठी झाल्या होत्या, आणि प्राण्यांत कर्करोग करणारा रंग चालणार नाही असे कायदा स्वच्छ शब्दांत सांगत होता. इथवर सगळे सरळ होते. पण हाच रंग खाण्याच्या पदार्थांत मात्र चालू राहणार होता. ओठांना लावायला बंदी आणि त्याच ओठांमधून पोटात जायला मुभा!

हा वेडेपणा नव्हता, नियमाप्रमाणेच चाललेले काम होते. लिपस्टिकसाठी हा रंग ‘तात्पुरत्या’ यादीत होता, अन्नासाठी १९६९ पासून ‘कायम’ यादीत. आपल्याकडच्या सरकारी कचेरीतला हंगामी कारकून आणि नोकरीत कायम झालेला कारकून यांच्यात जो फरक असतो, तोच इथे होता. पहिल्याला एका सहीने घरी पाठवता येते. दुसऱ्याला काढायचे तर नोटिसा, हरकती, सुनावण्या, अपिले. अन्नातली परवानगीही आम्ही काढून घेणार आहोत, असे अन्न आणि औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, त्याच वेळी सांगितले होते. ते काढून घ्यायला त्यांना पस्तीस वर्षे लागली.

या याद्यांचा जन्म रंगांइतकाच रंजक आहे.

१८५६ मध्ये लंडनच्या विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोराने प्रयोगशाळेत क्विनीन बनवण्याच्या नादात कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग काढला. तो होता कापडासाठी. पण पुढच्या तीस-चाळीस वर्षांत डांबरातून निघालेले रंग लोण्यात, चीजमध्ये, मुरंब्यात, गोळ्यांत आणि दारूत जाऊन बसले. केशर महाग, बीट उन्हात फिका पडतो, हळद उजेडात उडते. डांबराचा रंग चिमूटभर पुरतो, स्वस्त असतो आणि टिकतो. व्यापाऱ्याला आणखी काय हवे? त्याआधी मिठायांना शिसे, पारा आणि तांबे यांचे क्षार घालून रंग आणत, आणि त्यातून माणसे मरतही. त्या मानाने डांबराचे रंग म्हणजे प्रगतीच होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

जून १९०६ मध्ये अमेरिकेने पहिला शुद्ध अन्न आणि औषध कायदा केला. त्यासाठी शेतकी खात्याचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ हार्वी वायली वीसहून अधिक वर्षे झगडत होते. अन्न टिकवण्याची रसायने घातलेले जेवण १९०२ पासून धडधाकट तरुणांना रोज खाऊ घालून त्यांच्या तब्येतीच्या नोंदी ठेवणारे ते हेच गृहस्थ. वर्तमानपत्रांनी त्या तरुणांना ‘विषपथक’ असे नाव ठेवले होते. कायदा झाल्यावर रंगांचे काम बर्नहार्ड हेसे नावाच्या रसायनतज्ज्ञाकडे आले. हेसे पूर्वी बाडिश या बड्या जर्मन रंग कंपनीसाठी काम केलेला, त्यामुळे या धंद्याच्या खाचाखोचा त्याला ठाऊक. अमेरिकेत तेव्हा सुमारे ८० रंग अन्नात वापरले जात होते. हेसेने त्या प्रत्येकावर आजवर कुठे काय छापून आले आहे ते धुंडाळले. त्यातले बरेचसे कोणी कधी तपासलेच नव्हते. काहींवर एक शास्त्रज्ञ म्हणे निर्धोक, दुसरा म्हणे विषारी.

हेसेने यावर काढलेला तोडगा मला आजही शहाणपणाचा वाटतो. ज्याविषयी वाईट माहिती आहे तो रंग बाद, आणि ज्याविषयी माहितीच नाही तोही बाद. गाळता गाळता १९०७ च्या उन्हाळ्यात यादीत सात नावे उरली. तीन लाल, एक केशरी, एक पिवळा, एक हिरवा आणि एक निळा. तीन लालांपैकी एक अमरांथ आणि एक एरिथ्रोसिन. निळा म्हणजे इंडिगोटिन, आपल्या निळीच्या कुळातला. १९३८ च्या नव्या कायद्यानंतर या रंगांना क्रमांक मिळाले. अमरांथ झाला रेड नंबर २, एरिथ्रोसिन रेड नंबर ३ आणि इंडिगोटिन ब्लू नंबर २. प्रत्येक घाणा सरकारी प्रयोगशाळेत तपासून प्रमाणपत्र घेतल्याशिवाय बाजारात आणायचा नाही, हेही सक्तीचे झाले.

या प्रमाणपत्राने रंगाची शुद्धता कळत असे. तो रंग जन्मभर खाल्ला तर काय होईल, हे त्यात कुठेच नव्हते.

१९५० च्या ऑक्टोबरात, हॅलोविनच्या सुमारास, केशरी गोळ्या खाऊन बरीच मुले आजारी पडली. गोळ्यांत ऑरेंज नंबर १ होता, हेसेच्या सातांपैकी एक, तेव्हा त्रेचाळीस वर्षे निर्धोक म्हणून मिरवलेला. त्याचे प्रमाण एक ते दोन टक्के होते, म्हणजे फारच सढळ. त्याच काळात न्यू यॉर्कचे काँग्रेस सदस्य जेम्स डिलेनी अन्नातल्या रसायनांवर सुनावण्या घेत होते. एफडीएने जुने रंग पुन्हा तपासायला घेतले आणि १९५५-५६ मध्ये ऑरेंज १, ऑरेंज २ आणि रेड ३२ ही नावे यादीतून काढली.

यातल्या रेड ३२ वरून मोठा तंटा उभा राहिला. फ्लोरिडातली संत्री आतून पिकली तरी पुष्कळदा सालीवर हिरवी राहतात. हिरवे संत्रे गिऱ्हाईक घेत नाही, म्हणून बागायतदार साल रंगवत. रंग गेला तर धंदा गेला. ते कोर्टात गेले आणि म्हणाले, साल कोण खातो? इतक्या थोड्या रंगाने काय होणार? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि डिसेंबर १९५८ मध्ये बागायतदार हरले. न्यायालयाने सांगितले की कायद्यात ‘निर्धोक’ रंग असे लिहिले आहे, ‘थोडा घेतला तर निर्धोक’ असे नाही. प्रमाण ठरवून देण्याचा अधिकार सरकारला कायद्याने दिलेलाच नाही.

शब्दाला धरून निकाल बरोबर होता, पण त्यामुळे सगळीच यादी धोक्यात आली. भरपूर मात्रेत उंदराला चारला तर कुठला रंग सोसेल? मीठसुद्धा सोसणार नाही. कायदा बदलून घ्यायला कारखानदार धावत वॉशिंग्टनला गेले, आणि गंमत म्हणजे सरकारलाही तेच हवे होते. १२ जुलै १९६० रोजी रंगांसाठी वेगळा कायदा झाला. रंगाचे प्रमाण ठरवून देण्याची मुभा मिळाली. रंग सुरक्षित असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर आली. आणि जे कलम दोन वर्षांपूर्वी इतर अन्नरसायनांना लागले होते, ते डिलेनींच्या नावाचे कलम रंगांनाही लागले. माणसाला किंवा प्राण्याला कर्करोग करणारा रंग कोणत्याही प्रमाणात मंजूर होणार नाही.

कायदा कडक होता. पळवाट त्याच्या शेवटी होती. बाजारात आधीपासून असलेल्या रंगांचे काय करायचे? ते ‘तात्पुरत्या’ यादीत घातले गेले. अडीच वर्षांत अभ्यास सादर करा आणि कायम व्हा, नाहीतर बाहेर. ही मुदत वाढवण्याचा अधिकार एफडीएला होता.

मुदत वाढत गेली.

रेड नंबर २ हा त्या काळचा अमेरिकेतला सगळ्यांत खपाचा रंग. वर्षाला दहा लाख पौंडांच्या वर विकला जाई. सरबते, आइस्क्रीम, जेली, सॉसेज, केकची पिठे, कुत्र्यामांजरांचे खाणे, औषधाच्या गोळ्या, लिपस्टिक अशी त्याची सर्वत्र ये-जा. लालच नव्हे, चॉकलेटी आणि जांभळ्या छटेतही तोच मिसळलेला असे. १९७० मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांचे दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. एका अभ्यासात अमरांथ खाल्लेल्या उंदरांना गाठी झाल्या होत्या, दुसऱ्यात गाभण माद्यांचे गर्भ दगावले होते. शीतयुद्धाचे दिवस. रशियनांनी वापरलेला रंग आपल्या रंगाइतका शुद्ध होता का, अशी शंका एफडीएने काढली. शंका रास्त होती. म्हणून एफडीएने आपल्याच प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला.

आणि या अभ्यासाची जी दैना झाली, ती प्रहसनात शोभावी अशी. ज्याच्या देखरेखीखाली काम सुरू झाले तो शास्त्रज्ञ मध्येच दुसरीकडे गेला. त्याच्या जागी कोणी नीट लक्ष घातले नाही. वेगवेगळ्या मात्रेचा रंग खाणारे उंदीर वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवायचे, ते एकमेकांत मिसळले गेले. मेलेले उंदीर वेळेवर तपासले गेले नाहीत आणि कुजले. शेवटी जी आकडेवारी हाती आली तिच्यावरून काही म्हणता येईल की नाही, यावरच वाद. देशातला सगळ्यांत जास्त खाल्ला जाणारा रंग, त्याचा निकाल लावणारा सरकारचा स्वतःचा अभ्यास, आणि त्याची ही अवस्था!

दरम्यान ग्राहकांचे कैवारी राल्फ नेडर यांच्या संस्थेतले डॉ. सिडनी वुल्फ पाठपुरावा करत होते. त्यांचा मुद्दा साधा होता. १९६० मध्ये अडीच वर्षे म्हणाला होतात, आता पंधरा झाली, ‘तात्पुरते’ कधी संपणार? १९७५ च्या ऑक्टोबरात संसदेच्या हिशेब तपासणी कार्यालयाने रेड नंबर २ वर खास अहवाल काढला आणि त्यात एफडीएच्या मुदतवाढींवर ठपका ठेवला. मग एफडीएच्याच एका संशोधन केंद्रातल्या डेव्हिड गेलर या संख्याशास्त्रज्ञाने त्या विस्कटलेल्या अभ्यासातून हाती लागेल तेवढे वेचून पुन्हा गणित मांडले. जास्त मात्रा खाल्लेल्या माद्यांमध्ये घातक गाठी लक्षणीय प्रमाणात जास्त निघाल्या.

जानेवारी १९७६ मध्ये एफडीएचे आयुक्त अलेक्झांडर श्मिट यांनी रेड नंबर २ ची तात्पुरती नोंद रद्द केली. रंगाने कर्करोग होतो असे त्यांनी म्हटलेच नाही. रंग सुरक्षित असल्याचे सिद्ध झालेले नाही, एवढेच म्हटले. लोकांच्या जिवाला धोका असल्याचा पुरावा नाही, असेही सांगितले. दुकानांतला माल परत मागवला नाही, नवा रंग मात्र वापरायचा नाही. अनेकांना ही कसरत वाटली. मला उलट हा निर्णय त्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. पुरावा अर्धवट होता, पण कायद्याने पुराव्याचे ओझे ग्राहकाच्या डोक्यावर ठेवलेले नव्हते. रंग कंपन्या कोर्टात गेल्या आणि हरल्या. तात्पुरत्या परवानगीवर पंधरा वर्षे धंदा केल्यावर आता ती काढू नका असा हक्क सांगता येत नाही, हे कोर्टानेही मान्य केले.

रेड नंबर २ ची जागा रेड नंबर ४० ने घेतली. हा अलाइड केमिकल कंपनीचा रंग, १९७१ मध्ये थेट कायम यादीत आलेला, म्हणजे त्याची मुळी उमेदवारीच झाली नाही. गंमत अशी की शेजारच्या कॅनडात तेव्हा अगदी उलटे होते. तिथे अमरांथ चालत होता आणि रेड ४० ला परवानगी नव्हती. नायगारा धबधब्याच्या या बाजूला जे सरबत बेकायदा, ते पुलापलीकडे कायदेशीर, आणि पलीकडचे बेकायदा ते इकडे कायदेशीर. दोन्ही देशांचे शास्त्रज्ञ तेच कागद वाचत होते.

लोकांची धास्तीही कागद वाचून आलेली नव्हती. एमअँडएम गोळ्यांत रेड नंबर २ कधी नव्हताच. तरी मार्स कंपनीने १९७६ मध्ये लाल गोळ्या बंद केल्या, कारण गिऱ्हाईक लाल म्हटले की बिचकत होते. पुढे टेनेसीच्या एका विद्यार्थ्याने लाल गोळ्या परत आणण्यासाठी चक्क एक मंडळ काढले, थट्टेने. देशभरातून पत्रे आली. १९८७ मध्ये लाल गोळ्या परत आल्या.

त्याच वर्षी, १९८७ मध्ये, एका निकालाने रेड नंबर ३ चे भवितव्य ठरवून टाकले. खटला होता ऑरेंज १७ आणि रेड १९ या सौंदर्यप्रसाधनांच्या रंगांवर. एफडीएचे म्हणणे असे की हे रंग प्राण्यांत कर्करोग करतात खरे, पण माणसाला धोका नगण्य आहे. ऑरेंज १७ चा धोका त्यांनी काढला होता १९ अब्जांत एक. तेव्हा जगाची लोकसंख्याच पाच अब्ज होती! एवढ्याशा धोक्यासाठी डिलेनी कलम लावायचे का? वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने उत्तर दिले की कायद्यात ‘नगण्य’ला जागा नाही. हवी असेल तर संसदेकडे मागा.

एफडीएच्या हातात आता पर्याय उरला नव्हता. रेड नंबर ३ च्या उंदरांचे निकाल समोर होते. तात्पुरत्या नोंदी जाणार हे ठरले. राहता राहिली अन्नातली कायम नोंद, आणि तिच्या बचावासाठी उभी राहिली एक चेरी.

डब्यातल्या फ्रूट कॉकटेलमध्ये पीच, पेअर, अननस, द्राक्षे आणि चेरी असतात. चेरी किती हवी हेसुद्धा अमेरिकन नियमाने ठरलेले आहे, दोन ते सहा टक्के. ही चेरी आधी पांढरी केली जाते आणि मग रंगवली जाते. रेड ४० वापरला तर रंग पाकात उतरतो आणि पेअरच्या फोडी गुलाबी होतात. रेड ३ आंबट पाकात विरघळत नाही, तो चेरीतच बसून राहतो. त्याच्यासारखा दुसरा रंग नव्हता. कॅलिफोर्नियातले फळबागायतदार आणि डबाबंद फळांचे कारखानदार वॉशिंग्टनला हेलपाटे घालू लागले. शेतकी खाते त्यांच्या बाजूने उभे राहिले. चार गिऱ्हाइकांपैकी तिघांना ती चेरी नावापुरतीच हवी असेल, पण तिच्याशिवाय डबा खपत नाही. आपल्याकडच्या तुटीफ्रुटीतले लाल तुकडे आठवा. आत असते कच्ची पपई, पण लाल नसेल तर केकवाला ती घेणार नाही.

१९९० च्या निर्णयाने लिपस्टिक गेली आणि रंगाचे न विरघळणारे ‘लेक’ रूपही गेले. चेरी वाचली.

या काळात दुसराच एक प्रश्न हळूहळू पुढे येत होता, आणि त्याला डिलेनी कलम लागूच पडत नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोचे ॲलर्जीतज्ज्ञ बेंजामिन फाइनगोल्ड यांनी १९७३ मध्ये सांगितले की अन्नातले कृत्रिम रंग आणि स्वाद काढले की काही चंचल मुले शांत होतात. आयांनी ते उचलून धरले, डॉक्टरांनी बराच काळ उडवून लावले. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाने तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांवर नीट बांधलेला अभ्यास केला. मुलांना रंग आणि सोडियम बेन्झोएट घातलेले पेय दिले, आणि त्यांच्या चंचलतेत काहीशी वाढ दिसली. सगळ्या मुलांत सारखी नव्हे, काहींत जास्त, काहींत काहीच नाही. युरोपीय संघाने बंदी घातली नाही. जुलै २०१० पासून सहा रंगांच्या वेष्टनावर इशारा छापायला लावला. कंपन्यांना तो इशारा नको होता, म्हणून पुष्कळांनी युरोपातल्या मालातून रंगच काढले. तोच माल अमेरिकेत जुन्या रंगात विकत राहिल्या. २०११ मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीपुढे असाच इशारा छापावा का हा प्रश्न आला, तेव्हा आठ विरुद्ध सहा मतांनी तो नको ठरला.

त्या सहा युरोपीय रंगांपैकी चार आपल्याकडच्या जुन्या यादीत आहेत. टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पोंसो ४ आर. १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्यापासून चालत आलेल्या आपल्या यादीत वर्षानुवर्षे आठच कृत्रिम रंग होते आणि बहुतेक पदार्थांत किलोला १०० मिलिग्रॅमची मर्यादा. त्यांत एरिथ्रोसिनही आहे, म्हणजे हाच रेड ३. पण आपले दुखणे वेगळे. अमेरिकेत भांडण परवानगी असलेल्या रंगांवर आहे, आपल्याकडे परवानगी कधीच नसलेल्यांवर. २०२४ च्या सुरुवातीला म्हापसा नगरपालिकेने टपऱ्यांवरच्या गोबी मांचुरियनवर बंदी घातली, त्यात अस्वच्छतेबरोबर रंगांचाही मुद्दा होता. मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबीचे १७१ नमुने तपासले, त्यांतले १०७ असुरक्षित निघाले. कॉटन कँडीत रोडामाइन-बी सापडला. हा रंग कापडाचा आणि कागदाचा, अन्नात तो आधीपासूनच बेकायदा. तरी मंत्र्यांना पत्रकार परिषद घेऊन त्याच्यावर पुन्हा बंदी जाहीर करावी लागली. कायदा पुस्तकात सत्तर वर्षे असणे आणि जत्रेतल्या कढईपर्यंत पोहोचणे, या दोहोंत बरेच अंतर आहे.

अमेरिकेतली कोंडी फुटली ती वॉशिंग्टनमध्ये नव्हे, सॅक्रामेंटोत. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधानसभेत जेसी गेब्रिएल यांनी विधेयक क्रमांक ४१८ मांडले. मूळ मसुद्यात पाच पदार्थ होते. टायटॅनियम डायऑक्साइड स्किटल्स गोळ्यांत असल्याने वर्तमानपत्रांनी त्याला ‘स्किटल्स बंदी’ म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव विधेयकाच्या जिवावर उठले. मुलांच्या गोळ्या हिसकावणारे सरकार ही प्रतिमा कोणत्याच आमदाराला परवडत नाही. वाटाघाटींत टायटॅनियम गळाले. उरले चार पदार्थ. पावात घालतात ते पोटॅशियम ब्रोमेट, ब्रोमिनयुक्त वनस्पती तेल, प्रोपिलपॅराबेन, आणि रेड नंबर ३. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी सही केली आणि सहीच्या निवेदनासोबत युरोपातल्या स्किटल्सचे एक पाकीट जोडले. तिकडे गोळ्यांत ही रसायने चालत नाहीत, तरी त्या विकल्या जातातच, हे दाखवायला. पुढच्या वर्षी दुसरा कायदा आला आणि राज्याच्या सरकारी शाळांमधल्या खाण्यातून रेड ४०, यलो ५, यलो ६, ब्लू १, ब्लू २ आणि ग्रीन ३ बाद करण्याचे ठरले. मार्च २०२५ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने त्याहून पुढचे पाऊल टाकले. कॅलिफोर्निया डेमोक्रॅटिक, वेस्ट व्हर्जिनिया कट्टर रिपब्लिकन. एरवी या दोन राज्यांचे कशावरच जमत नाही.

एखाद्या राज्याचा कायदा देशभर का लागू पडतो, हे बाजाराला विचारावे. कॅलिफोर्नियासाठी एक घाणा आणि ओहायोसाठी दुसरा, असे कोणताही कारखाना करत नाही. त्यामुळे सही झाली त्या दिवशीच चेरीवाल्यांना कळले की खेळ संपला. एफडीएपुढे २०२२ पासून ग्राहक संस्थांची याचिका पडून होती. मागणी एवढीच की १९९० मध्ये जे करतो म्हणालात ते करा. तिच्यावर आता हालचाल सुरू झाली.

एप्रिल २०२५ मध्ये नवे आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी यांनी खनिज तेलापासून बनणारे उरलेले रंगही काढण्याचे जाहीर केले, पण ते बहुतांशी कंपन्यांच्या राजीखुशीवर. सक्तीने काढायचे ठरले ते दोनच रंग. एक ऑरेंज बी, जो कित्येक वर्षांत कोणी बनवलेलाच नाही. दुसरा सिट्रस रेड २, म्हणजे फ्लोरिडाच्या संत्र्यांच्या सालीवरचा, रेड ३२ च्या जागी आलेला. मे महिन्यात काही नैसर्गिक रंगांना मंजुरी मिळाली. त्यात आपल्या गोकर्णीच्या फुलांचा निळा आहे, आता त्याला बटाट्याच्या वेफर्सपर्यंत जाता येईल. या नैसर्गिक रंगांच्या प्रत्येक घाण्याला सरकारी प्रमाणपत्र लागत नाही. ती अट डांबराच्या वंशजांनाच आहे, १९३८ पासून.

रेड नंबर ३ चा आदेश याच्या आधीच निघाला होता, १५ जानेवारी २०२५ रोजी. त्यातही एफडीएने लिहिले की उंदरांमध्ये ज्या मार्गाने गाठी होतात तो माणसांत घडत नाही, परंतु डिलेनी कलम असल्याने आमच्या हातात काही नाही. हेसेच्या सात रंगांपैकी आता फक्त ब्लू नंबर २ यादीवर उरला. औषध कंपन्यांना नवा लाल शोधायला १८ जानेवारी २०२८ पर्यंत वेळ मिळाला. अन्नवाल्यांना १५ जानेवारी २०२७. कॅलिफोर्नियाचा कायदा लागू होतो १ जानेवारी २०२७ पासून, म्हणजे वॉशिंग्टनची मुदत संपण्याच्या बरोबर चौदा दिवस आधी.